टेलरचा पगार आणि शहराचा खर्च : दोन शहरांतील नोकऱ्यांची तुलना कशी करावी

बँकेच्या काउंटरवर रोख घेणाऱ्या आणि देणाऱ्या कर्मचाऱ्याचे, म्हणजे टेलरचे, काम कुठल्याही शहरात जवळजवळ सारखेच असते. नोटा मोजाव्या लागतात, सही पडताळावी लागते, चेक तपासावे लागतात आणि दिवसअखेर रोकड पैशा-पैशाने जुळवावी लागते. तरीही या कामाचा मोबदला शहरागणिक बदलतो आणि त्या मोबदल्यात जगण्याचा खर्च त्याहून अधिक बदलतो. तुलना करताना पहिली चूक होते ती इथेच, कारण नियुक्तिपत्रातला आकडा डोळ्यांसमोर असतो, तर घरभाडे, प्रवास आणि कर यांचे आकडे स्वतः शोधावे लागतात. या मार्गदर्शिकेत तेच आकडे कोणत्या क्रमाने शोधावेत आणि ते एकमेकांसमोर कसे मांडावेत हे सांगितले आहे. नव्या उमेदवाराला दोन शहरांतून एक निवडायचे असो किंवा जुन्या कर्मचाऱ्याला बदली स्वीकारावी की नाही हे ठरवायचे असो, हिशेबाची पद्धत एकच राहते.

आधी पगार कोण ठरवते ते पाहावे

आकड्यांकडे वळण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर मिळवावे: या बँकेत टेलरचा पगार शहर पाहून ठरतो, की शहर न पाहता ठरतो? जगभरात याच्या दोन्ही रीती आहेत, आणि आपली बँक कोणत्या रीतीची आहे हे कळल्याशिवाय पुढची तुलना अर्धवट राहते.

भारतातील सार्वजनिक क्षेत्रातील बँका हे दुसऱ्या रीतीचे ठळक उदाहरण आहे. तेथे कर्मचाऱ्यांचे वेतन इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यातील द्विपक्षीय कराराने ठरते. बारावा करार ८ मार्च २०२४ रोजी झाला आणि तो १ नोव्हेंबर २०२२ पासून लागू धरला गेला. त्यानुसार लिपिक संवर्गाची, ज्यात टेलर मोडतो, वेतनश्रेणी २४,०५० रुपयांपासून सुरू होऊन ६४,४८० रुपयांपर्यंत जाते. मूळ वेतन देशभर एकच असते, महागाई भत्ता अखिल भारतीय सरासरी निर्देशांकावर मोजला जातो म्हणून तोही सर्वत्र सारखाच असतो, आणि घरभाडे भत्तादेखील सर्व केंद्रांवर वेतनाच्या १०.२५ टक्के इतका आहे. २४,०५० रुपये मूळ वेतनावर हा भत्ता सुमारे २,४६५ रुपये होतो, मग शाखा महानगरात असो वा तालुक्याच्या गावी. डोंगराळ किंवा दुर्गम भागांसाठी वेगळे भत्ते आहेत, परंतु ते महागड्या शहराची भरपाई करण्यासाठी नसून गैरसोयीच्या ठिकाणाची भरपाई करण्यासाठी आहेत. याउलट केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना शहरांच्या तीन वर्गांनुसार मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के घरभाडे भत्ता मिळतो. ही दोन धोरणे शेजारीशेजारी ठेवली की पगार समान ठेवल्याने जगणे समान होत नाही हे लगेच दिसते. एकसमान वेतनाच्या पद्धतीत महागड्या शहरातील कर्मचारी प्रत्यक्षात कमी कमावतो, एवढेच की ती कपात पगारपत्रकावर छापलेली नसते.

अमेरिकेत रीत उलटी आहे. तेथे टेलरचा तासाचा दर प्रामुख्याने स्थानिक बाजारपेठेवर ठरतो. मोठ्या बँका देशाचे काही वेतन-विभाग पाडतात आणि त्याच पदासाठी प्रत्येक विभागाचा वेगळा पट्टा ठेवतात. त्याखाली राज्याच्या किमान वेतनाचा आधार असतो, आणि हा आधारही सारखा नाही. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलरवरच थांबलेले आहे, तर कॅलिफोर्नियात ते २०२५ मध्ये १६.५० डॉलर होते. काही बँका याच्याही वर स्वतःची देशव्यापी किमान पातळी ठेवतात. बँक ऑफ अमेरिकाने आपली किमान पातळी टप्प्याटप्प्याने वाढवत २०२५ मध्ये तासाला २५ डॉलरपर्यंत नेली. अशी पातळी असली की स्वस्त शहरातल्या टेलरचा मोठा फायदा होतो, कारण तिथल्या बाजारभावापेक्षा तो बराच वर जातो. महागड्या शहरात मात्र हीच पातळी जेमतेम बाजारभावाइतकी ठरते.

ब्रिटनमध्ये तिसरा प्रकार दिसतो: मूळ वेतन सारखे ठेवून राजधानीसाठी त्यावर ‘लंडन वेटिंग’ नावाची भर घालायची. ही भर किती पुरेशी आहे याचा अंदाज तेथील ऐच्छिक जीवनवेतनाच्या, म्हणजे जगण्याच्या खर्चावरून काढलेल्या आणि मालकांनी स्वेच्छेने द्यायच्या वेतनाच्या, दरावरून करता येतो. २०२४-२५ साठी तो दर देशभरात तासाला १२.६० पौंड आणि लंडनमध्ये १३.८५ पौंड होता, म्हणजे फरक सुमारे १० टक्क्यांचा. लंडनमधले घरभाडे मात्र देशाच्या सरासरीपेक्षा दहा टक्क्यांनी नव्हे, तर दीडपटीहून अधिक आहे.

तीनही ठिकाणी निष्कर्ष एकच निघतो: शहरांमधील पगाराचा फरक हा भाड्याच्या फरकाहून लहान असतो. याचे कारणही समजण्यासारखे आहे. टेलरचे पद प्रवेशपातळीचे असते. बँकेला त्यासाठी दुकाने, कॉल सेंटर आणि कार्यालये यांच्याशी स्पर्धा करून माणसे मिळवावी लागतात, घरमालकांशी स्पर्धा करावी लागत नाही. शहरात काम शोधणारे तरुण पुरेसे असतील, तर भाडे कितीही चढले तरी काउंटरवरचा दर त्या वेगाने चढत नाही.

एकाच पदाची तुलना होत आहे ना, याची खात्री करावी

पदनामे फसवी असतात. एका बँकेत टेलर म्हणजे फक्त रोख व्यवहार करणारा, तर दुसरीत तोच कर्मचारी खाती उघडतो, कर्जाची प्राथमिक माहिती देतो आणि विमाही विकतो. भारतात याच पदाला कॅशियर, रोखपाल, लिपिक किंवा ग्राहक सेवा सहयोगी अशी वेगवेगळी नावे आहेत. मुख्य रोखपालाला तिजोरीच्या किल्ल्यांची जबाबदारी असते आणि त्यासाठी विशेष वेतन मिळते. त्यामुळे मोठ्या शहरातला मोठा आकडा शहरामुळे आला आहे, की जबाबदारीमुळे, हे आधी वेगळे करावे. विक्रीशी जोडलेला प्रोत्साहन भत्ता आकड्यात धरलेला असेल, तर तो बाजूला काढून निश्चित पगाराचीच तुलना करावी. लक्ष्य पूर्ण झाले तरच मिळणाऱ्या रकमेच्या भरवशावर घरभाड्याचा करार करू नये.

त्यानंतर कामाचे तास पाहावेत. अनेक देशांत टेलर अर्धवेळ नेमले जातात, आणि तासाचा दर उत्तम दिसला तरी आठवड्याला २० तासच काम मिळत असेल, तर वार्षिक उत्पन्न ४० तासांच्या नोकरीच्या निम्मेच होते. तासाच्या दराला आठवड्याचे तास आणि वर्षाचे ५२ आठवडे यांनी गुणावे. पूर्णवेळ नोकरीसाठी हा गुणक २,०८० येतो. अर्धवेळ नोकरीत आरोग्य विमा आणि निवृत्तीची तरतूद पुष्कळदा मिळत नाही, आणि तो तोटा दरात दिसत नाही.

सरासरीऐवजी मध्यक शोधावा

शहरनिहाय वेतनाची माहिती सर्वांत व्यवस्थित मिळते ती सरकारी सर्वेक्षणांतून. अमेरिकेची ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स ही संस्था दरवर्षी व्यवसायवार वेतन जाहीर करते आणि त्यात टेलर हा स्वतंत्र व्यवसाय आहे. देशभराचा मध्यक २०२४ मध्ये वर्षाला सुमारे ३९,००० डॉलर होता. हीच माहिती राज्यवार आणि महानगरवारही मिळते. मध्यक म्हणजे सर्व टेलरना पगाराच्या क्रमाने उभे केले, तर बरोबर मध्ये उभ्या असलेल्याचा पगार. सरासरीपेक्षा तो विश्वसनीय असतो, कारण वरच्या टोकाच्या काही मोठ्या पगारांनी तो ओढला जात नाही.

नव्याने रुजू होणाऱ्याने मात्र मध्यकावरही समाधान मानू नये. अशा सर्वेक्षणांत दहाव्या आणि पंचविसाव्या शतमकाचे आकडेही असतात. म्हणजे सर्वांत कमी पगाराच्या दहा किंवा पंचवीस टक्के कर्मचाऱ्यांची वरची मर्यादा त्यातून कळते. नवख्या टेलरचा पगार सहसा याच पट्ट्यात असतो. ज्या शहरात दहावा आणि नव्वदावा शतमक यांत अंतर फार थोडे आहे, तेथे काउंटरवर राहून वाढ होण्यास वाव कमी असतो, असे ढोबळमानाने समजावे. नोकरीच्या संकेतस्थळांवरचे आकडे पूरक म्हणून पाहायला हरकत नाही, परंतु तेथे पुष्कळदा कर्मचाऱ्यांनी स्वतः भरलेली माहिती असते आणि एखाद्या लहान शहरासाठी ती मोजक्याच माणसांवर आधारलेली असू शकते.

भारतातील सार्वजनिक बँकांसाठी सर्वेक्षणाची गरजच नाही, कारण करारातील तक्ते उघड असतात. खासगी बँकांपैकी काही या कराराच्या कक्षेत आहेत आणि पुष्कळशा नाहीत. कक्षेबाहेरच्या बँकेत पगार शहर, शाखा आणि वाटाघाट यांवर अवलंबून असतो. तेथे वार्षिक एकूण खर्चाचा, म्हणजे ज्याला सर्वजण ‘सीटीसी’ म्हणतात त्याचा, आकडा सांगितला जातो. त्यात भविष्य निर्वाह निधीतला मालकाचा वाटा आणि उपदान (ग्रॅच्युइटी) धरलेले असू शकते. ते वजा करून दरमहा हातात किती येणार हे लेखी विचारावे.

हातात येणारा पगार काढावा

करांचा फरक काही देशांत मोठा, तर काहींत नगण्य असतो. अमेरिकेत टेक्सास आणि फ्लोरिडा या राज्यांत राज्याचा आयकर नाही. न्यूयॉर्क शहरात राहणाऱ्याला मात्र संघराज्य आणि राज्य यांच्या जोडीला शहराचाही आयकर भरावा लागतो. ब्रिटनमध्ये स्कॉटलंडचे आयकराचे टप्पे इंग्लंडहून वेगळे आहेत. भारतात आयकर सर्वत्र सारखा असून राज्यानुसार बदलतो तो फक्त व्यवसाय कर, आणि त्यालाही राज्यघटनेने वर्षाला २,५०० रुपयांची मर्यादा घातलेली आहे. त्यामुळे भारतात शहर निवडताना करावर फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

निर्देशांक वापरावा, पण योग्य तो

आता दोन शहरांच्या पगारांना एका मापावर आणायचे. त्यासाठी शहराच्या किंमतपातळीचा निर्देशांक लागतो, ज्यात देशाची सरासरी १०० धरलेली असते. सूत्र सोपे आहे: पगाराला निर्देशांकाने भागावे आणि १०० ने गुणावे. समजा, एका महागड्या शहराचा निर्देशांक ११५ आहे आणि तेथे टेलरला वर्षाला ४२,००० मिळतात. दुसऱ्या, स्वस्त शहराचा निर्देशांक ९० आहे आणि तेथे ३६,००० मिळतात. पहिल्या पगाराची खरी किंमत सुमारे ३६,५२२ निघते आणि दुसऱ्याची ४०,०००. म्हणजे कागदावर सहा हजारांनी मागे असलेली नोकरी प्रत्यक्षात साडेतीन हजारांनी पुढे आहे.

येथे एक मोठी गल्लत टाळायला हवी, आणि ती जाणकारांकडूनही होते. महागाईचा ग्राहक किंमत निर्देशांक हा शहरांची तुलना करण्यासाठी नसतो. भारतात लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी ८८ केंद्रांचे निर्देशांक देते, ज्यांचे आधारवर्ष २०१६ आहे. एखाद्या केंद्राचा आकडा त्याच केंद्रातल्या किमती २०१६ पासून किती वाढल्या एवढेच सांगतो. प्रत्येक केंद्राची सुरुवात १०० पासूनच झालेली असल्यामुळे लहान गावाचा निर्देशांक महानगराहून जास्त असू शकतो, आणि तरीही ते गाव कितीतरी स्वस्त असू शकते. शहरांमधली किंमतपातळी सांगणारा निर्देशांक वेगळा असतो. अमेरिकेत ब्युरो ऑफ इकॉनॉमिक ॲनालिसिस प्रादेशिक किंमत-समानतेचे आकडे दरवर्षी देते, ज्यात कॅलिफोर्निया ११२ च्या आसपास आणि आर्कान्सा ८७ च्या आसपास दिसतो. सूत्रात घालायचा तो या जातीचा आकडा. जिथे असा सरकारी आकडा मिळत नाही, तिथे इंटरनेटवरच्या एखाद्या तयार गणकयंत्रावर विसंबण्यापेक्षा पुढची पद्धत वापरणे अधिक शहाणपणाचे आहे.

अंदाजपत्रकाची पद्धत

निर्देशांक हा सरासरी कुटुंबाच्या खर्चाचा असतो, आणि टेलर हा सरासरी कुटुंब नव्हे. कमी पगारात भाड्याचा वाटा मोठा असतो, म्हणून महागडे शहर त्याला निर्देशांक सांगतो त्याहून महाग पडते. दुसरीकडे स्वस्त शहरात सार्वजनिक वाहतूक नसेल, तर वाहन बाळगण्याचा खर्च ती स्वस्ताई खाऊन टाकतो. म्हणून दोन्ही शहरांचे स्वतःचे मासिक अंदाजपत्रक मांडावे.

वरच्याच उदाहरणात कर वजा जाता महागड्या शहरात महिन्याला २,९०० आणि स्वस्त शहरात २,५२० हातात येतात असे समजू. भाडे पहिल्या शहरात १,३५० आणि दुसऱ्यात ७५०. प्रवासाला पहिल्यात मासिक पास १२० चा, तर दुसऱ्यात गाडीचा हप्ता, विमा आणि इंधन मिळून ३८०. जेवण आणि इतर घरखर्च अनुक्रमे ६५० आणि ५८०. शिक्षणकर्जाचा हप्ता दोन्हीकडे ३००. शिल्लक राहतात पहिल्या शहरात ४८० आणि दुसऱ्यात ५१०. निर्देशांकाने महिन्याला २९० चा दाखवलेला फायदा प्रत्यक्षात ३० वर आला. यात कुठलाही आकडा ओढूनताणून घेतलेला नाही. फक्त गाडी आणि कर्ज या दोन गोष्टी निर्देशांकाला दिसत नाहीत.

कर्जाच्या हप्त्याचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा. शहर स्वस्त झाले म्हणून हप्ता कमी होत नाही. घरी पाठवायची रक्कम, जुन्या कर्जाचे व्याज, दुसऱ्या शहरात घर घेण्यासाठी साठवायचे पैसे, हे सारे निव्वळ रकमेत मोजले जाते. ज्याच्यावर अशा जबाबदाऱ्या मोठ्या आहेत आणि जो चार माणसांसोबत खोली वाटून घ्यायला तयार आहे, त्याला महागड्या शहरातला मोठा पगार फायद्याचा ठरू शकतो. ज्याचे कुटुंब सोबत आहे आणि ज्याला दोन खोल्यांचे घर लागते, त्याच्यासाठी हिशेब बहुधा उलटा येतो. म्हणून सहकाऱ्याला परवडले म्हणजे आपल्याला परवडेल असे धरून चालू नये.

भाड्याचा आकडा घेताना शहराची सरासरी घेऊ नये, शाखेपासून रोज ये-जा करता येईल अशा वस्तीचे भाडे घ्यावे. टेलरचे काम घरून होत नाही. काउंटर उघडण्याआधी रोकड ताब्यात घ्यावी लागते आणि ती जुळेपर्यंत निघता येत नाही. ज्यांना आठवड्यातून दोनच दिवस कार्यालयात जावे लागते ते दूरच्या स्वस्त उपनगरात राहू शकतात, टेलरला ती मुभा नाही. रोज तीन तास प्रवासात जात असतील, तर तेही खर्चाच्या बाजूला लिहावेत. त्या तासांची किंमत किती धरायची हे ज्याने त्याने ठरवावे, पण शून्य धरू नये. शिवाय मोठ्या शहरात शाखा बदलली की प्रवास दुप्पट होऊ शकतो, लहान शहरात तसे क्वचितच घडते.

घरभाडे पगाराच्या किती टक्के असावे, याचा एक रूढ ठोकताळा आहे. अमेरिकेचे गृहनिर्माण खाते उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक घरावर खर्च करणाऱ्या कुटुंबाला खर्चाच्या ओझ्याखाली असलेले मानते. हे प्रमाण करपूर्व उत्पन्नावर मोजले जाते. वरच्या उदाहरणात महागड्या शहरातले १,३५० चे भाडे महिन्याच्या ३,५०० या करपूर्व पगाराच्या ३८ टक्क्यांहून अधिक होते आणि स्वस्त शहरातले ७५० हे ३,००० च्या २५ टक्के. शिल्लक जवळजवळ सारखी असली तरी पहिल्या शहरात भाडे थोडे जरी वाढले, तरी ती शिल्लक आधी संपेल.

पाच वर्षांनंतरचा पगार

टेलरच्या पदावर फार वर्षे राहण्याचा बहुतेकांचा विचार नसतो, आणि अनेक देशांत ही पदे कमीही होत आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षाच्या हिशेबाला पाच वर्षांचा जोड द्यावा. मोठ्या शहरात शाखा अधिक, प्रादेशिक कार्यालय जवळ आणि अन्य बँकाही हाकेच्या अंतरावर असतात, म्हणून बढती किंवा नोकरीबदल सोपा जातो. जिथे वेतनश्रेणी देशव्यापी आहे तिथे वार्षिक वेतनवाढ सर्वत्र सारखीच मिळते. भारतातील लिपिक श्रेणीत पहिली तीन वर्षे दरवर्षी १,३४० रुपयांची आणि पुढची तीन वर्षे १,६५० रुपयांची वाढ ठरलेली आहे. तेथे शहराने पडतो तो फरक बढतीच्या संधीपुरता आणि तयारीला मिळणाऱ्या वेळेपुरता. खात्यांतर्गत परीक्षेचा अभ्यास करायचा असेल, तर कमी प्रवासाचे लहान गाव पुष्कळदा अधिक उपयोगी पडते, आणि हे अंदाजपत्रकात कुठेच दिसत नाही.

होकार देण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

बँकेकडून काही गोष्टी लेखी घ्याव्यात. पगारात शहरासाठीचा भत्ता धरला आहे का, आणि असेल तर तो मूळ वेतनात आहे की स्वतंत्र? स्वतंत्र असेल, तर स्वस्त शहरात बदली होताच तो थांबतो, आणि भविष्य निर्वाह निधी किंवा निवृत्तिवेतन मोजताना तो बहुधा धरला जात नाही. बदली बँकेच्या गरजेने झाली, तर सामान हलवण्याचा खर्च कोण देतो? रोकड कमी भरली, तर ती रक्कम कर्मचाऱ्याच्या पगारातून कापली जाते का, आणि त्यासाठी काही भत्ता आहे का? गर्दीच्या शहरी शाखेत दिवसाला होणारे व्यवहार अधिक असतात, त्यामुळे ही जोखीमही अधिक असते.

पगार वाटाघाटीने ठरणार असेल, तर महागाईची तक्रार करून फारसे साधत नाही. त्या शहरातला टेलरचा मध्यक, शेजारच्या बँकेतला दर आणि आपल्याला येणारी स्थानिक भाषा किंवा रोखीच्या कामाचा अनुभव, हे तिन्ही समोर ठेवून बोलावे. मूळ दर वाढवता येत नाही असे उत्तर आले, तर घराजवळची शाखा मागावी. रोजचा तासभर प्रवास वाचला, तर पगारपत्रकातला आकडा न बदलताही महिन्याची शिल्लक बदलते, आणि ही मागणी मान्य करणे शाखाधिकाऱ्याला पगारवाढीपेक्षा पुष्कळ सोपे असते.